भुतांची वर्गणी

आमच्या गल्लीत वर्तमानपत्र सकाळी सातला पडतं, पण तोवर त्यातलं निम्मं शिळं झालेलं असतं. कारण आक्कांच्या आणि बाईंच्या घरांमधलं कुंपण कमरेएवढंच उंच आहे. आक्का सत्तरी ओलांडलेल्या, दोन एकर भगव्या डाळिंबाच्या मालकीण. तेल्या, खोडकिडा आणि दोन व्यापारी पचवून अजून खणखणीत. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. मी तिसऱ्या घरातला. माझ्याकडे काम फक्त ऐकण्याचं.

२०२५ सालची भाऊबीज होऊन आठवडा होत आलेला. उन्हं कलली तशी आक्कांनी हाक घातली.

"ओ बाई! जुनं काळं फडकं हाय का घरात?"

"काळं? कुणाचा निषेध करताय आक्का? डाळिंबाचा भाव पडला का?"

"निषेध कुटला घिऊन बसलाय! भूत करायचंय."

बाई हातातली पेपरांची चळत तशीच घेऊन कुंपणाशी आल्या. आक्का सुरू झाल्या.

"लेकीची लेक आलीया न्हवं पुन्यास्नं. तिकडं त्यांच्या सोसायटीत ह्या शुक्रवारी भुतांचा सन हाय म्हनं. आन् ही अडाकली हितं. दोन दिस तोंड फुगवून बसली. काल मातूर गल्लीतली समदी पोरं गोळा केली आन् जाहीर करून टाकलं, हितंच करायचा. आता तुमची दोन बी त्यातच हायती, तुमाला ठावं न्हाई का?"

"म्हणून काल आमचा धाकटा चादर पांघरून फिरत होता होय! मला वाटलं ताप आला. हॅलोविन म्हणतात त्याला. ३१ ऑक्टोबरला असतो."

"पुन्यात तिला सगळी 'काय झाडी' म्हननाऱ्या पुडाऱ्याच्या गावची म्हनून चिडवत्यात. तिला वाटतंय, हितं भुतं करून दावली की सांगोल्याची इज्जत वाढंल. तिच्या बापानं लगीच मोबाईल काढला. सांगाड्याचा डिरेस, बाराशे रुपयं. मी म्हन्लं, जावईबापू, बाराशे देऊन सांगाडा? भात्तरच्या दुस्काळात ह्या तालुक्यात फुकट हिंडत व्हते."

बाई हसल्या, पण मास्तरकी सुटते थोडीच. "आक्का, पैशाचं सोडा, तो कपडा कापडाचा नसतोच. पॉलिस्टर. म्हणजे प्लास्टिकच. तिकडे इंग्लंडात २०१९ साली दोन संस्थांनी दुकानातले हॅलोविनचे कपडे तपासले. वजनाला ८३ टक्के माल खनिज तेलापासूनचा निघाला. एक रात्र घालायचा आणि टाकायचा."

"एक रात? आमच्या नवऱ्याचा लग्नातला कोट धाकट्या दिराच्या लग्नात गेला, मंग भाच्याच्या. शेवटाला गोंधळ्याला दिला, त्यो अजून घालतुया."

"मग तुम्ही घेतला का तो सांगाडा?"

"छ्या. पर आजून एक नग व्हता त्यात. कोळ्याची जाळी! इकत! अडीचशे रुपयाला पिशवीभर. मी पोरीला हाताला धरून माळ्यावर नेली. म्हन्लं बग, ही तुझ्या आज्जीची जाळी. दिवाळीला झाडायची राहिली ती बरंच झालं."

"आणि ती विकतची झाडाला लावली तर त्यात पाखरं अडकतात, मधमाश्या अडकतात. पाय गुंतून मरतात बिचाऱ्या."

"मधमाशी? आन् माझ्या बागेत?" आक्कांचा आवाज चढला. "माशी न्हाई फिरली तर फळ काय तुमचा जावई धरनार हाय? न्हाई म्हंजी न्हाई. जाळी बंद."

*

एवढ्यात समोरच्या बंगल्याचं फाटक वाजलं. दोघींनी आवाज खाली आणला. बंगलेवाले स्कूटरवरून गेले तसा पुन्हा वर नेला.

"ह्यांच्या दारातला कोहळा बगितला का? अमुशाला बांदलेला. सडून सडून पानी गळाया लागलंय पायरीवर. काल पोस्टमन घसारला."

"दृष्ट लागू नये म्हणून बांधला आणि पोस्टमनला लागली. आक्का, आपण त्या अमेरिकनांना नावं ठेवतो, भोपळा कोरतात आणि फेकतात म्हणून. आपल्याकडे दसऱ्याला चौकाचौकात कोहळे आपटलेले असतात, कुंकू टाकून. मोटरसायकली घसरतात. लिंबू-मिरच्या गाडीला, नारळ चाकाखाली. हे सगळं खाण्याचंच की."

"खरं हाय. पर मला सांगा, ही भोपळ्याची भानगड काय? नात म्हन्ली, डांगर पायजे. डोळं, नाक, दात पाडायचं आन् आत दिवा लावायचा."

"मुळात तो सण आयर्लंडचा. सुगी संपली, थंडी आली, की त्या रात्री मेलेली माणसं घराकडे येतात अशी समजूत. तेव्हा ते सलगमसारखे कंद कोरून दिवा ठेवायचे. तिथली माणसं पोट भरायला अमेरिकेत गेली, तिथे मोठमोठी डांगरं मिळाली. कोरायला सोपी. झालं. दुसऱ्या दिवशी १ नोव्हेंबरला सगळ्या संतांचा दिवस, २ तारखेला मृतांचा. आपल्या वसईतली ख्रिस्ती मंडळी २ तारखेला कबरींवर फुलं-मेणबत्त्या लावतात, मराठीतच प्रार्थना करतात. पूर्वी युरोपात गोरगरीब त्या दिवशी दारोदार जायचे, लोक त्यांना गोड रोटी द्यायचे. त्यांनी ती खायची आणि त्या घरातल्या मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची."

"म्हंजी पित्तरपाटच की वो! आपन कावळ्याला घालतो, ती गरिबाला घालायची."

"तसंच काहीसं."

"मंग त्यांचं बरं म्हनायचं. कावळा काय आशीर्वाद देतोय, पुडचं पान कुटलं ह्येच बगतोय." आक्का थांबल्या. "पर लोकं म्हनत्यात ही परकी थेरं हायती. कालच किराणा दुकानात एक जन बोलला, आपली संस्कृती बुडाली."

"आक्का, डांगर मूळचं अमेरिकेतलं. मिरची तिथलीच. आपल्या ठेच्यातली मिरची पोर्तुगीज आले तेव्हा आली. आणि डाळिंब इराणच्या बाजूचं."

"माझं डाळिंब परकं?"

"कित्येक पिढ्यांमागे असेल."

"मंग आता सांगोल्याचंच झालं ते. सोलापूरच्या डाळिंबाला सरकारचा शिक्का मिळाला न्हाई का, कसला त्यो…"

"भौगोलिक मानांकन. आणि २०२० च्या डिसेंबरात शंभरावी किसान रेल्वे आपल्याच स्टेशनवरून बंगालला गेली."

"तेच म्हन्ते मी. चार पावसाळं ज्यानं हितं काडलं त्यो हितला. भुताला बी काडू द्या."

बाईंनी पेपर कुंपणावर ठेवले आणि त्यावर दगड ठेवला. म्हणजे आता अर्धा तास तरी गेला. "तुम्हाला एक गंमत सांगते. या शुक्रवारी, ३१ ऑक्टोबरला, कॅलेंडरात काय आहे बघितलंत? कूष्मांड नवमी. कार्तिक शुद्ध नवमी. विष्णूनं कूष्मांड नावाचा राक्षस मारला, त्याच्या केसांतून कोहळ्याचा वेल उगवला अशी कथा. त्या दिवशी कोहळा दान करतात. आणि गेल्या वर्षी ३१ ऑक्टोबरला नरकचतुर्दशी होती. तिथीनं सण हलतात म्हणून असं जुळतं."

"बगा की! राक्षस मारला, त्येचा भोपळा झाला आन् भोपळा दान केला. आन् नरकचतुर्दशीला आमी कारीट फोडतो अंगठ्याखाली. नरकासुर म्हनून. कुंपनावर फुकट लगडतंय, फुटतंय, मातीत जातंय. एक रुपया लागत न्हाई राक्षसाला."

"गोव्यात नरकासुर दोन-दोन मजले उंच करतात, रात्रभर गाणी वाजवतात आणि पहाटे जाळतात. पूर्वी गवत, कागद, बांबू असायचं."

"मोटा राक्षस म्हन्ला की मोटा खर्च आलाच. आमचं डांगर मातूर बागंच्या बांदावरचं हाय. पर बाई, एक अट घातलीया मी पोरीला. कोरायचं तर कोर, गर माझा. त्येचं घारगं करनार. बिया धुऊन वाळवायच्या, भाजून मीठ लावून खायाच्या. निम्म्या पुडच्या साली लावाया. तोंड पाडून झालं, दिवा लावून झाला, की सकाळी उरलेलं शेळीला."

"आता राहिलं काय मग?"

"भूत राह्यलं की. त्येचं खरं काई खात न्हाई शेळी."

*

थोडा वेळ आक्का गप्प झाल्या. माझ्या अनुभवानं सांगतो, आक्का गप्प झाल्या की पुढचं महत्त्वाचं असतं.

"बाई, काल येक झालं. पोरगीनं ट्रंक उघाडली. माझ्या सासूचं पांढरं पातळ काडलं. म्हन्ली, आज्जी, मी हडळ व्हनार. पांढरी साडी, केस मोकळं."

"मग?"

"मी काय बोल्ले न्हाई. पर झोप न्हाई लागली. सासू बाविसाव्या वरसी रांडावली. मरंस्तवर पांढरंच नेसली. कुनाला भ्या वाटलं न्हाई कदी. आडल्या बाळंतिनीला रातीबेराती तिलाच न्ह्यायची लोकं, बैलगाडी जुंपून. गावातली निम्मी मानसं तिच्या हातावर पडल्याली. पर लगनात हळद लावाया बोलवली न्हाई कुनी. बाळ काडाया पायजे, बारशाला नको. आन् आता तिचंच पातळ नेसून पोरगी हडळ व्हनार?"

बाईंनी लगेच काही म्हटलं नाही. मग म्हणाल्या, "सिनेमात बघा ना. हडळ म्हणजे पांढरी साडी, मोकळे केस, कपाळ मोकळं. हे वर्णन भुताचं नाहीच, विधवेचं आहे. आपणच तिचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या आणि मग त्या रूपालाच भ्यायचं."

"व्हय. आसंच हाय ते."

"आपल्याच जिल्ह्यात, करमाळ्याला, महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे आहेत. त्यांनी लिहूनच ठेवलं, मी गेल्यावर माझ्या बायकोच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. ते गावोगाव फिरले. मग कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड, त्या ग्रामपंचायतीनं २०२२ च्या मे महिन्यात ठराव केला, आमच्या गावात विधवा प्रथा बंद. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढलं, बाकीच्या गावांनीही असं करावं म्हणून."

"आपल्या जिल्ह्याचा मानूस? मला कुनी सांगितलं न्हाई."

"आणि चेटकीण, डाकीण हे खेळातले शब्द आहेत असं पुण्यातल्या पोरांना वाटतं. तिकडे नंदुरबारला सातपुड्यात बायांना डाकीण ठरवून मारहाण व्हायची. बहुधा एकटी बाई, जमिनीचा तुकडा नावावर असलेली. नरेंद्र दाभोलकर या सगळ्याविरुद्ध कायदा करा म्हणून वर्षानुवर्षं सांगत होते. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर चार महिन्यांत, डिसेंबरात, जादूटोणाविरोधी कायदा झाला. कुणी करणी करतं, कुणी भूत लावतं असं म्हणून त्याचं जगणं मुश्कील केलं तर सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे."

"म्हंजी भुताचा खेळ करूच नको म्हनताय?"

"उलट. करावा. दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीची माणसं अमावास्येच्या रात्री पोरांना स्मशानात घेऊन जायची, भीती जावी म्हणून. पोरं भुताशी खेळली की भूत लहान होतं. फक्त भूत कुणाचं करतोय ते बघायचं. माणसाचं नको. विधवेचं नको, वेड्याचं नको, कुबड्याचं नको. आणि घुबडाचंही नको. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडं पकडून मारतात. ती ज्वारीतले उंदीर खातात. लक्ष्मीचं वाहन एका बाजूला आणि अपशकुनी दुसऱ्या बाजूला, काय करायचं त्यानं?"

"मंग कुनाचं करायचं? ऱ्हायलं कोन?"

"एकनाथ महाराजांना विचारा. त्यांच्या भारुडात भूत आहे, आणि ते भूत म्हणजे देवच. त्याची बाधा झाली की सुटत नाही. रविवारी कार्तिकी एकादशी. दोन दिवसांत मिरजेच्या अंगानं येणाऱ्या दिंड्या आपल्या रस्त्यानंच पंढरपूरला जातील. पोरांना भारुडातली सोंगं घेऊ द्या की. जोशी, वासुदेव, विंचू. विंचवाची नांगी तारेला सुतळी गुंडाळून होते."

"विंचू चालंल. आमच्या धोंड्यात खराच हाय."

तेवढ्यात नात आली. हातात तेच पातळ, नीट घडी घातलेलं. तिनं सगळं ऐकलं होतं. कुंपण तिच्याही उंचीला पुरतं.

"आज्जी, पणजी डॉक्टर होती का?"

"सुईन व्हती."

"मग मी सुईण होते. हीच साडी नेसून."

"आगं पर सुईनीला भ्यायचं कशाला? भुतांचा सन न्हवं का तुझा?"

नात विचारात पडली. बाईंनी सोडवलं. "आक्का, जन्माला आलेलं पोर डोळे उघडायच्या आत बोंबलतं. कुणाच्या हातात असतं तेव्हा?"

"सुईनीच्याच!" आक्का इतक्या जोरात हसल्या की बंगलेवाल्यांचं कुत्रं भुंकलं. "हो बाई, तूच खरी हडळ. पर कुंकू लावून. आन् हातात बांगड्या भरून. पनजीचं राह्यलेलं तू लाव."

*

मग दोघींनी हिशोबाला हात घातला. हे ऐकून मी वहीच काढली, कारण माझाही मुलगा त्यात आहे.

सांगाड्याऐवजी बुजगावणं. कडब्याच्या पेंढ्या, माझा जुना शर्ट (माझा, हे मला तिथेच कळलं), वर फुटकं मडकं आणि त्यावर चुन्यानं दात. शुक्रवारी ते गल्लीच्या तोंडाशी उभं राहील. नंतर बाईंच्या दिराच्या शेतात जाईल. ज्वारी हुरड्याला आली की पाखरांसाठी तसंही करावं लागतंच.

रक्त डाळिंबाचं. तडकलेली, बाजारात न जाणारी फळं आक्कांकडे टोपलीभर आहेत. रस तोंडाला, साली वाळवून ठेवायच्या. त्यात चादर उकळली की पिवळसर रंग धरतो. "जुनाट भुताचा," नात म्हणाली. पांढरं तोंड तांदळाच्या पिठानं, काळं तव्याच्या काजळीनं, आधी खोबरेल चोळून. बाजारचा चमकीचा रंग नको. ती चमकी म्हणजे प्लास्टिकचा भुगा, मोरीतून माण नदीत जाणार. थर्मोकोलची थडगी नकोत. राज्यात २०१८ पासून बंदी आहे आणि बाई बंदीच्या बाबतीत कडक आहेत.

"आन् रातीला म्हाताऱ्या मानसाच्या दारात जोरात बोंबलायचं न्हाई," आक्कांनी दम भरला. "कोपऱ्यावरच्या तात्यांच्या छातीत नळी घातलीया. कुत्र्यांच्या अंगावर जायचं न्हाई. आट वाजता घरात."

"आज्जी, आठ वाजता तर भुतं निघतात!"

"पुन्याची निघत आसतील. सांगोल्याची आट वाजता जेवत्यात."

आता प्रश्न राहिला चॉकलेटांचा. नात म्हणाली, तिकडे दारोदार जायचं, चॉकलेट द्या नाहीतर खोडी काढू म्हणायचं.

"हे आमच्यात आधीपासून आहे," बाई म्हणाल्या. "हादग्याला पोरी घरोघर जायच्या, गाणी म्हणायच्या आणि खिरापत ओळखायच्या. ओळखली नाही तर घरवाली जिंकली. प्रत्येक घरानं डबा झाकून ठेवायचा, भुतांनी वास घेऊन ओळखायचं. दिवाळीचा फराळ शिल्लक आहेच सगळ्यांकडे."

"माझ्याकडं शंकरपाळ्या हायती. दगड झाल्यात."

"आणि आक्का, अजून एक. अमेरिकेत फिलाडेल्फियाला १९५० साली पोरं दुधाची रिकामी खोकी घेऊन फिरली. गोळ्या नको म्हणाली, युद्धानं पोळलेल्या देशांतल्या मुलांसाठी नाणी टाका. ते पैसे युनिसेफला गेले. तो रिवाज अजून चालू आहे. आपल्याकडे यंदा सप्टेंबरात सीनेला पूर आला. माढा, मोहोळ, करमाळा, घरांत छातीएवढं पाणी. माझ्या ओळखीच्या एका बाईंच्या शाळेतल्या पोरांची दप्तरंच गेली. दुष्काळी जिल्हा म्हणून आपण पावसाची वाट बघतो आणि पाऊस आला तो असा. आपल्या भुतांनी वह्या मागाव्यात."

"वह्या?"

"शंभर पानी, रेघांची. नवी. अर्धी लिहिलेली कुणी खपवायची नाही. जुने कपडेही नकोत. पुराच्या वेळी त्यांचे ढीग पडले होते, निवडायलाच माणसं लागली. वही आणि पेन. जितकी घरं तितक्या वह्या, सोमवारी मी स्वतः पाठवते."

आक्कांनी पदराच्या गाठीवरून हात फिरवला. माझ्या माहितीप्रमाणे ही गाठ सहजी सुटत नाही. "माझ्या धा लिवा. सासूच्या नावानं. आन् घारगं जास्तीचं करते, दिंडी मुक्कामाला आली की पोरांनी ताट घिऊन जायचं. त्याच सोंगात. माळकऱ्यांना बी कळू द्या सांगोल्याची भुतं कशी आसत्यात ती."

"आणि नाहीच दिली कुणी वही तर? खोडी काढायची का?" नातीनं मुद्द्याचं विचारलं.

दोघी एकदम समोर बघायला लागल्या. बंगल्याच्या दारातून कोहळ्याचं पाणी ठिबकत होतं.

"गनपतीला ह्यांनी एकावन्न रुपयं दिलं," आक्का हळूच म्हणाल्या, "आन् पावती दोनदा मागितली."

"आक्का, पोरांसमोर नको."

"आसं कसं? त्यास्नी आधी म्हाईती नको व्हय?" त्या नातीकडे वळल्या. "आइक. पयलं तिकडंच जायचं. वही द्या न्हाई तर कोहळा काडा म्हनायचं. दोन्ही न्हाई केलं तर कोहळा आपनच काडायचा आन् खतात टाकायचा. हीच खोडी."

"आणि त्यांनी विचारलं, दृष्ट लागली तर?"

"सांग, सुईनीनं सांगितलंय, लागत न्हाई म्हनून."

बाईंनी दगड उचलला, पेपर घेतले आणि जाता जाता माझ्या गॅलरीकडे बघून ओरडल्या, "ऐकलंत ना सगळं? मग शर्ट आत्ताच टाका खाली. आणि तुमच्या किती लिहू?"

मी पाच म्हणालो. आक्कांनी कुंपणावरूनच 'धा' करून घेतल्या.